बोट वर धरून वाचलेली बातमी

आमच्या फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात पेपर मी वाचतो. वाचतो म्हणजे मोठ्यानं, बसलेल्या सगळ्यांसाठी. हे काम मला कोणी दिलं नाही, आणि माझ्याकडून काढून घ्यायची हिंमतही आजवर कोणाची झाली नाही. शाळा माझी तिसरीत सुटली. पण जेवढं वाचायला शिकलो तेवढं पक्कं शिकलो, आणि पुढं उभा जन्म पेपर वाचून ते घासत आलो.

गाव आमचं भीमपूर मंडळातलं, पैनगंगेच्या काठाचं. पाण्याच्या पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेलंगणा, आणि सोयरीक दोन्हीकडं. घरात मराठी, कापसाच्या बाजारात हिंदी, ऑफिसात तेलगू. नातवंडं तेलगू शाळेत जातात. मराठी बोलतात फडाफडा, पण अक्षर पुढं धरलं की अडतात. हॉटेलवाल्याचंही तेच. तो तेलगू पेपर चाळतो आणि मराठी पेपर घडी न मोडता माझ्यासाठी राखून ठेवतो. हा पेपर आदिलाबादहून बसनं येतो, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या. शिळा असला तरी आमच्यासाठी ताजाच.

वाचायची माझी एक रीत होती. ज्या मास्तरांनी मला अक्षर दिलं ते आमच्याच गावच्या बौद्ध घरातले, गावातून शिकून बाहेर पडलेले पहिले. त्यांनी सांगितलं होतं, ओळीच्या डोक्यावर शेपटीवाले दोन ठिपके दिसले की समजायचं, इथून माणूस स्वतःच्या तोंडानं बोलून राहिला. पुन्हा तसेच दोन ठिपके आले की त्याचं बोलणं संपलं. मधलं जे आहे ते त्या माणसाचं. लिहिणाऱ्यानं त्याला हात लावायचा नसतो.

आता डोळ्यांनी वाचणाऱ्याला ह्या खुणा दिसतात, पण कानांनी ऐकणाऱ्याला कशा दिसाव्या? एकदा हॉटेलात याच्यावरून जुंपली. रस्ता होणार असं मंत्री बोलला, की पेपरवाला आपल्या मनानं बोलला, यावर दोघं हातघाईवर आले. तेव्हापासून मी खुणा आल्या की उजव्या हाताचं बोट वर करायला लागलो, आणि खुणा संपल्या की खाली घ्यायला. बोट वर आहे तोवर ते बोलणाऱ्याचं. खाली आलं की पेपराचं. आणि पेपरात एकेरी खुणा असतात ना, एखाद्या शब्दाला चिमटीत धरल्यासारख्या, म्हणजे पेपर तो शब्द लिहितो पण स्वतः त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, तिथं मी बोट अर्धं वाकवायचो. लोकांना हे इतकं सवयीचं झालं की काही जण माझ्या तोंडाकडं पाहायचेच नाहीत, बोटाकडंच पाहायचे.

पेपराच्या भाषेची आम्ही थट्टाही करायचो. विश्वसनीय सूत्र हा कोणत्या गावचा माणूस आहे, जो सगळ्या भानगडीत हजर असतो आणि कधी सापडत नाही, असं हॉटेलवाला विचारायचा. नाव न छापण्याच्या अटीवर बोलणाऱ्या साहेबाला आम्ही घुंगटवाला साहेब म्हणायचो. एका साली गारपीट झाली तेव्हा पेपरात शेतकऱ्याच्या तोंडी आलं, आम्ही पूर्णपणे हवालदिल झालो आहोत. मी बोट वर करून वाचलं. आमच्यातला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “गारा माह्याही वावरात पडल्या. मी हवालदिल कवा झालो? मी तं निस्ता रडलो.” सगळे हसले. मी पेपराची बाजू घेतली. म्हटलं, शहराकडचे शेतकरी बोलत असतील तसं. पेपराचा मान माझा मान होता.

हे सगळं सांगायचं कारण माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणत होतो. तिला याच गावात दिलेली. नवरा लवकर गेला, दोन पोरं तिनं एकटीनं वाढवली. माझ्यासारखीच, किंबहुना माझ्याहून हट्टी. मागच्या पोळ्यानंतर पलीकडच्या गावातली तिची नणंद वारली. निरोप सकाळी आला. पुलावरून फिरून जायचं तर दुपार होणार आणि तोवर माती उरकणार. म्हणून ती नदीकडं निघाली, आणि तिला एकटी कशी सोडायची म्हणून मी मागून.

आमच्या घाटावर डोंगा चालवणारा माणूस भोयांच्या घरचा. त्याचा बाप डोंगा चालवायचा, त्याचा आजाही. माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणतो. त्या दिवशी त्यानं डोंगा बांधून ठेवला होता. पाण्याचा रंग बदलला होता, वरून कुठून तरी सोडलेलं पाणी येत होतं. तो म्हणाला, “अक्का, आज नोको. पानी उतरू दे, मंग नेतो.” पलीकडच्या गावचे दोघं प्रवासी आमच्याच काठावर गुमान बसून वाट पाहत होते. अक्का बसणारी नव्हती. ती म्हणाली, “ते मेलेली माही वाट पाह्यत बसन का? तू नाई नेत तं मी पायानं उतरते पाण्यात.” आणि खरंच लुगडं सावरून उतरायला लागली. तेव्हा त्यानं दोर सोडला. ते दोघंही चढले, मीही चढलो.

मधात गेलो तेव्हा पाण्यातून एक झाडाचं खोड आलं. डोंग्याला आडवं लागलं. त्यापुढचं मला तुटक आठवतं. पाणी तोंडात, पाणी कानात, आणि माझ्या मानेवर मागून एक हात. पलीकडचे दोघं उलट्या डोंग्याला धरून वाचले. मला डोंगेवाल्यानं काठाला ओढून टाकलं आणि पुन्हा पाण्यात गेला. अक्का त्याला सापडली नाही. सांजेला खालच्या वळणावर सापडली.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या दारात पेपरवाला आला. आदिलाबादेत राहणारा तरुण, मराठी बोलणारा, गाडी बाहेर लावून चपला काढून आत आला. वागायला वाईट नव्हता. मला म्हणाला, या क्षणी तुम्हाला काय वाटतं आहे. असा प्रश्न आमच्याकडं मौतीच्या घरी कोणी विचारत नाही. लोक येतात, बसतात, पाणी पिऊन जातात. मग त्यानं विचारलं, हे टाळता आलं असतं का. मी म्हणालो, बसलो नसतो तर झालं नसतं. डोंगेवाला नाही म्हणत होता, अक्कानं ऐकलं नाही, हेही मी सांगितलं. शेवटी त्यानं विचारलं, म्हणजे नावाडी तुमच्या जिवाशी खेळला असं म्हणायचं का. मी अंगणातल्या तिच्या पाण्याच्या हंड्याकडं पाहत होतो. तो तिनंच भरून ठेवलेला होता. मी हूं म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्यानं थोडी वाट पाहिली, हात जोडले आणि गेला.

त्याच दिवशी ठाण्याचा जमादारही जबानी घ्यायला आला होता. तेलगू माणूस. माझ्याशी हिंदीत बोलला, कागदावर तेलगूत लिहीत गेला. लिहून झाल्यावर एक-एक ओळ बोटानं दाखवत त्यानं मला हिंदीत अर्थ सांगितला आणि प्रत्येक ओळीला विचारलं, “ठीक है ना, चाचा?” एका ठिकाणी मी नाही म्हटलं तर त्यानं खोडून पुन्हा लिहिलं. मग माझी सही घेतली. ठाण्याच्या माणसावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही, मीही ठेवत नव्हतो.

पुढं दोन-तीन दिवसांनी घरात जीव लागेना म्हणून मी सकाळी फाट्यावर गेलो. हॉटेलवाल्यानं पेपर पुढं ठेवला. बाकांवर नेहमीचे लोक होते. समोरच्या बाकावर डोंगेवाला बसलेला होता. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच घराबाहेर आलेला दिसत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं, आणि दोघांनीही मान खाली घातली. कोणी तरी म्हणालं, आपल्या गावची बातमी आली असन, वाचा.

आली होती. पैनगंगेत नौका उलटून वृद्धेचा मृत्यू. मी वाचायला लागलो. पेपरात आधी बोलणं छापतात आणि कोण बोललं ते मागून. तोंडी सांगताना आपण आधी माणसाचं नाव घेतो, मग तो काय म्हणाला ते सांगतो. पेपराची चाल उलटी. खुणा दिसल्या तसं माझं बोट आपोआप वर गेलं आणि तोंड वाचत गेलं: ही एक टाळता येण्याजोगी दुर्घटना होती. नावाडी आमच्या जिवाशी खेळला. त्याच्यावर कठोर कारवाई झालीच पाहिजे. खुणा संपल्या. पुढं होतं, असा संतप्त आरोप प्रत्यक्षदर्शी व मृत महिलेचे बंधू, आणि त्यापुढं माझं नाव, बापाच्या नावासकट.

नाव मी मोठ्यानं वाचलं नाही. पण कोणाला वाचून दाखवायची गरजही नव्हती. अक्काला भाऊ एकच.

डोंगेवाल्यानं कपातला चहा तसाच ठेवला. उठला, खांद्यावरचं फडकं नीट केलं आणि नदीच्या वाटेला नव्हे, घराच्या वाटेला लागला. मी म्हणालो, हे माझं बोलणं नाही. जितक्या मोठ्यानं बातमी वाचली तितक्याच मोठ्यानं म्हणालो. हॉटेलवाल्यानं डोंगेवाल्याचा कप उचलला. मग हळू आवाजात म्हणाला, “पण भाऊ, तुमचं बोट वर होतं.”

ह्या लोकांना बोटावर विश्वास ठेवायला मीच शिकवलं होतं. बोट वर असताना मी जे वाचलं ते त्यांनी कधी तपासलं नाही, आणि आता त्यांनी ते का तपासावं? टाळता येण्याजोगी. असा शब्द माझ्या घरात कोणी जन्मात उच्चारला नाही. बसलो नसतो तर झालं नसतं, एवढ्या माझ्या बोलण्याला त्यानं इंग्रजी पाटलोण घालून उभं केलं होतं. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण दुसरं वाक्य मी बोललोच नव्हतो. तिथं मी गप्प होतो, आणि माझ्या गप्प राहण्याला त्यानं खुणा लावल्या होत्या.

म्हणून या लिहिण्यात मी ठरवून घेतलं आहे. लिहिताना भाषा माझी पेपरातून आलेली आहे, ते मला माहीत आहे, ऱ्हस्वदीर्घाची हमीही मी देत नाही. पण दोन्हीकडून खुणा मी फक्त त्याच बोलण्याला लावल्या आहेत जे माझ्या कानांनी ऐकलं आणि जसंच्या तसं ध्यानात राहिलं. बाकीचं मी माझ्या शब्दांत सांगतो, आणि ते माझं म्हणूनच सांगतो. पेपरातल्या त्या ओळींना मी इथं खुणा लावलेल्या नाहीत. त्या कोणाच्याच नव्हत्या.

त्या बातमीनंतर डोंगेवाल्याची दशा झाली. डोंगा ठाण्याच्या लोकांनी घाटावर साखळीनं बांधला. त्याला दर दोन दिवसांनी ठाण्यात बोलावून बसवून ठेवायचे. पलीकडच्या काठावरून लोक त्याला हाक मारायचे ते बंद झाले. त्याची सून सांगत होती की बुढा जेवत नाही, कोणी आलं की मागच्या खोलीत जातो. मी दोनदा त्याच्या दारात गेलो. दोन्ही वेळा सुनेनं पाणी दिलं आणि तो बाहेर आला नाही.

मी ठरवलं की पेपरात छापलेलं पेपरातच दुरुस्त करून घ्यायचं. हे अक्काच्या पोरांच्या कानावर गेलं. थोरला भाचा माझ्याकडं आला. समंजस पोरगा आहे, मोठ्यानं बोलत नाही. तो म्हणाला, “मामा, छापलं ते छापलं. तुमी खरं सांगसान तं आईचं नाव लागन. तिच्याच हट्टानं झालं म्हनतीन लोक.” मी म्हणालो, हट्ट तिनं केला होता. त्यावर तो ते बोलला जे लोक गावात कुजबुजत होते आणि माझ्यासमोर कोणी बोलत नव्हतं. “त्यानं तुमाले काढलं. आईले नाई काढलं. काऊन?”

ते मलाही माहीत नव्हतं. अक्का माझ्या शेजारीच बसली होती. त्याचा हात तिच्यापर्यंत पोचला असता, नसता, मी कसं सांगू? मी भाच्याला एवढंच म्हणालो की ते मला ठाऊक नाही, पण मी न बोललेलं माझ्या नावावर राहू देणार नाही. तो उठून गेला. त्यानंतर बरेच दिवस भाच्यांच्या घरचा चहा मला मिळाला नाही.

आदिलाबादेत पेपरचं ऑफिस म्हणजे बसस्टँडजवळच्या एका दुकानाच्या डोक्यावरची खोली. जिना चढताना दोनदा बसावं लागलं. तो तरुण तिथंच होता. मला ओळखलं, खुर्ची दिली, खालून चहा मागवला. मी बातमी पुढं ठेवली आणि म्हणालो, हे मी बोललो नाही. तो रागावला नाही. म्हणाला, तो इथून नुसती माहिती पाठवतो, बातमी वरच्या शहरात तयार होते, तिथं टेबलावर बसलेले लोक भाषा नीट करतात. खुणांमधलं बोलणं असलं की बातमी जिवंत होते, वाचणाऱ्याला कोणी तरी समोर बोलून राहिलंय असं वाटतं. इंग्रजी पेपरांत असंच करतात, तिकडूनच हे आलं आहे. मग तो म्हणाला, “बाबा, भावना तुमचीच होती. शब्द फक्त आमचे.”

मी म्हणालो, “मंग खुणा तुमच्या लावाच्या होत्या. माह्या काऊन लावल्या?”

मला वाटलं तो चिडेल, पण त्यानं पेपर स्वतःकडं ओढून ती बातमी पुन्हा वाचली, अशी की जणू पहिल्यांदाच वाचून राहिला. मग म्हणाला, खुलासा छापता येईल, पण खुलाशात कारण द्यावं लागतं. डोंगेवाल्याचा दोष नाही, तर मग कोणाचा? तुमच्या बहिणीनं हट्ट केला असं लिहावं लागेल, तुमच्या नावानं. चालेल का?

खिडकीतून खालचा बसस्टँड दिसत होता. भीमपूरची बस लागलेली होती, लोक चढत होते. मी अक्काचा विचार करत होतो. आमचा बाप गेला तेव्हा तिनं मला पाठीवर घेऊन शेतात कामं केली आहेत. ती जिवंत असती आणि मी तिला विचारलं असतं, तर तिनं काय म्हटलं असतं? ती बोललेलं कधी नाकारायची नाही. भांडायची, पण बोलले नाही असं कधी म्हणायची नाही. मी त्या तरुणाला म्हणालो, लिही. तिचं बोलणं तिच्या तोंडचं लिही, आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखव.

त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मृत महिलेच्या अट्टाहासामुळे, असं त्यात होतं. मी नाही म्हटलं. अट्टाहास हा लिहिणाऱ्याचा शब्द. ती जे बोलली तेच लिही. त्यानं अक्काचं वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि लुगडं, पाय, पाणी सगळं जसंच्या तसं उतरवलं. निघताना जिन्यापर्यंत आला. म्हणाला, तो पाठवतो, पण वरती टेबलावर काय राहील याची हमी त्याच्या हातात नाही. खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

त्या संध्याकाळी मी पुन्हा डोंगेवाल्याच्या दारात गेलो. आत आहे हे मला माहीत होतं, म्हणून दारातूनच बोललो. म्हणालो, खुलासा येणार आहे, मी वाचणार आहे, तू समोर बसायचं.

खुलासा आला तो आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली. मी हॉटेलात बसल्या-बसल्या आधी डोळ्यांनी वाचून घेतला, जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. अक्का त्यात कुठंच नव्हती. प्रवाशांच्या आग्रहास्तव नौका सोडण्यात आल्याचे समजते, एवढंच. माझं एक अक्षर त्यात नव्हतं. आणि वरती मथळ्यात लिहिलं होतं नावाडी निर्दोष, त्यातल्या निर्दोष या शब्दाला एकेरी खुणा, चिमटीत धरलेल्या.

बाकावर नेहमीचे लोक होते. भाचाही होता, तो मुद्दाम आला होता हे दिसत होतं. डोंगेवाला हॉटेलात आला नाही, पण रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली उभा होता. मी मथळा वाचला. त्या एका शब्दाला बोट अर्धं वाकवायला हवं होतं. माझी रीत तीच. मी हात मांडीवरून उचलला नाही. खुलासा सगळा हात मांडीवर ठेवून वाचला. लोक बोटाची वाट पाहत होते, ते वर आलं नाही. मी पेपराची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

मग मी बोट वर केलं. समोर पेपर नव्हता. आधी डोंगेवाला काय म्हणाला होता ते सांगितलं, आज नोको, पानी उतरू दे. बोट खाली घेतलं. पुन्हा वर केलं आणि अक्का काय म्हणाली होती ते सांगितलं, तिच्याच चालीत, मेलेली माही वाट पाह्यत बसन का. पुढचंही सगळं. भाच्यानं मान खाली घातली. पण त्यानं मला थांबवलं नाही, आणि तो उठलाही नाही. बहुतेक त्या बोलण्यात त्याला त्याची आई ऐकू आली असावी. तिचं असं बोलणं त्यानं घरात रोज ऐकलेलं होतं.

मी बोट खाली घेणार तोवर डोंगेवाला रस्ता ओलांडून आला. हॉटेलाच्या खांबाला हात टेकवून उभा राहिला. माझ्याकडं न पाहता भाच्याकडं पाहून म्हणाला, “अजून एक बोलली ते. पाण्यात. मी तिच्याकडंच जाऊन राह्यलो होतो. तिनं माह्याच हात झटकला. म्हने, भावाले धर आधी, त्याले पवता येत नाई.”

स्टोव्हवरचं दूध वर यायला लागलं ते हॉटेलवाल्यानं उतरवलं.

भाच्यानं विचारलं, “मंग आजवर काऊन नाई सांगतलं?”

तो म्हणाला, “भाऊंच्या जिवाले लागन म्हनून.”

म्हणजे एवढे दिवस तो ठाण्यात बसून राहिला, घरात तोंड लपवून राहिला, मला काढलं आणि तिला नाही काढलं म्हणून गावानं त्याच्याकडं बोट दाखवलं, आणि हे एक वाक्य त्यानं माझ्यासाठी दाबून ठेवलं. ज्याच्यामुळं तो त्याच जागी सुटला असता ते वाक्य. आणि पेपरात माझ्या नावानं त्याच्यावर कारवाई मागितली गेली होती, खुणांसकट.

अक्काला पोहता येत होतं का, हे मी इथं लिहितो. येत नव्हतं. आम्हा दोघांनाही येत नव्हतं.

भाचा उठला. त्यानं डोंगेवाल्याला हाताला धरून बाकावर बसवलं आणि हॉटेलवाल्याला चहा सांगितला. त्याच आठवड्यात भाचा आणि मी आणि पलीकडचे ते दोघं प्रवासी मिळून ठाण्यात गेलो. जमादारानं माझी जुनी जबानी काढली. मी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं ते त्यात तसंच होतं. त्यात त्यानं तक्रार नसल्याची भाच्याची जबानी जोडली, त्या दोघांची जोडली, प्रत्येकाला वाचून दाखवली. हिवाळा लागायच्या आत डोंग्याची साखळी निघाली. केस अजून पूर्ण मिटलेली नाही, तारखा पडतात. पण आता पलीकडून हाका येतात.

पेपर मी अजून वाचतो. खुणा आल्या की बोट वर करत नाही. लोकांनी सुरुवातीला विचारलं, आता विचारत नाहीत. बोलणारा कोण आणि पेपर कोण, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

त्या दिवशी मात्र एक गोष्ट झाली. डोंगेवाला बोलत होता तेव्हा माझं बोट वरच राहून गेलं होतं. अक्काचं ते शेवटचं बोलणं मी ऐकलेलं नाही, माझ्या कानात तेव्हा पाणी होतं. मी ठरवलेल्या नियमानं मला तिथं खुणा लावता येत नाहीत. तरी तो माणूस बोलून थांबेपर्यंत मी बोट खाली घेतलं नाही, आणि इथं लिहितानाही एवढ्या एका वाक्याला, ऐकणारा तो आहे म्हणून, खुणा लावतो आहे. “भावाले धर आधी.”